रुंद टायर, अरुंद रिम आणि आपला खोडवा



गाळप हंगाम तोंडावर आला की गावोगावच्या टायरच्या दुकानांपुढे ट्रॅक्टर उभे राहू लागतात. झिजलेले टायर उतरतात, नवे चढतात. वाहतुकीचा करार झालेला असतो, उचल हातात पडलेली असते, आणि पुढचे चार-पाच महिने रात्रंदिवस पळायचे म्हणजे चाके आधी धड पाहिजेत, हे कोणालाही पटेल. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. म्हणणे आहे ते अलीकडे पडलेल्या एका पायंड्याबद्दल. ट्रॅक्टर नवा घेताना मागच्या चाकाला १३.६-२८ चा टायर असतो. तो झिजला की मालक १४.९ चा घेतो, काही जण तर एकदम १६.९ वर उडी मारतात. रिम मात्र तोच, पहिल्या दिवसाचा. का बदलला म्हणून विचारावे तर उत्तर ठरलेले असते : "सायेब, टायर रुंद असला म्हंजी रान दबत न्हाई."

हे उत्तर अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असते तेच जास्त नुकसान करते. ऊस विकास खात्याचे काम बेणे, लागण, खते आणि खोडवा यांचे. टायरच्या भानगडीत यांनी का पडावे, असे काही सभासदांना वाटेल. पण खोडवा पट्ट्यापट्ट्याने का फुटत नाही हे पाहताना आम्ही दर वेळी चाकाच्या चाकोरीपाशीच येऊन पोहोचतो. तेव्हा हा विषय आमच्या खात्याचाच आहे असे आम्ही मानतो. आमचे स्पष्ट मत असे की, रिमला न जुळणारा रुंद टायर रान वाचवत नाही, टायरचेही आयुष्य खातो, आणि भरल्या ट्रॉलीखाली तो धोक्याचा असतो. ज्याच्या रानात तो ट्रॅक्टर जाणार, त्या सभासदाने याबाबत बोलले पाहिजे.

आधी आकडे समजून घेऊ. टायरच्या बाजूवर १३.६-२८ असे उठावदार लिहिलेले असते. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. नव्या रेडियल टायरवर पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. तेथे ३४०/८५ म्हणजे आपला १३.६, ३८०/८५ म्हणजे १४.९ आणि ४२०/८५ म्हणजे १६.९. व्यास जुळला की टायर चढतो. घोटाळा होतो तो इथेच. अठ्ठावीसच्या रिमवर अठ्ठावीसचा टायर चढणारच; दुकानदार म्हणतो, "बसतोय की!" अहो, बसणे वेगळे आणि चालणे वेगळे. रिमला व्यासाप्रमाणे रुंदीही असते, आणि ती टायरवर लिहिलेली नसते. ती रिमच्या पत्र्यावर ठोकलेली असते, उदाहरणार्थ डब्ल्यू १२ × २८. म्हणजे रिमच्या दोन उभ्या कडांच्या आतून आतपर्यंत १२ इंच. चिखल, गंज आणि रंगाच्या दोन-तीन थरांखाली हा शिक्का दडलेला असतो. तारेच्या ब्रशने घासला की वर येतो. तरीही न दिसल्यास रिमची रुंदी बाहेरून बाहेर मोजावी आणि कडांच्या जाडीपोटी साधारण इंचभर वजा करावा. टायर न उतरवता एवढा अंदाज कोणालाही येतो.

आता कोणत्या टायरला कोणता रिम. टायर कंपन्यांचे तक्ते असतात. आपल्या देशात भारतीय टायर तांत्रिक सल्लागार समिती, म्हणजे आयटीटॅक, हिची पुस्तिकाही असते. १२.४ च्या टायरला ११ इंची रिम योग्य, १० चालतो. १३.६ ला १२ योग्य, ११ चालतो. १४.९ ला १३ योग्य, १२ चालतो. १६.९ ला १५ योग्य, १४ चालतो. जुन्या हिशेबाने सांगायचे तर टायरची रुंदी रुपया धरली तर रिम चौदा आण्यांचा हवा. एखादा आणा इकडे-तिकडे कंपनी चालवून घेते. १६.९ चा टायर १२ इंची रिमवर चढवला की हा हिशेब साडेअकरा आण्यांवर येतो.

यावरून एक गोष्ट निघते ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्यांच्या ट्रॅक्टरला मुळातच १२ इंची रिम आहे आणि ज्यांनी १४.९ घेतला, त्यांनी काही वावगे केले नाही. तो जोड तक्त्यात बसतो. पण शेजाऱ्याने बघून तोच टायर आपल्या ११ इंची रिमवर चढवला तर त्याचे चुकले. दोघांचे ट्रॅक्टर सडकेवरून सारखेच दिसतील. म्हणून बघून घेऊ नका, मोजून घ्या.

अरुंद रिमवर रुंद टायरचे होते काय? पोत्याचे तोंड आवळून बांधले की पोट फुगते, तसे. टायरच्या दोन्ही कडा जवळ ओढल्या जातात, बाजू बाहेर फुगतात आणि जमिनीला टेकणारी पाठ सपाट राहण्याऐवजी गोल होते. मधले दात जमिनीत रुततात, कडेचे दात हवेत राहतात किंवा नुसते घासतात. टायरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे : रिम अर्धा इंच अरुंद झाला की टायरची रुंदी सुमारे दोन दशांश इंच कमी होते. या हिशेबाने ११ च्या रिमवर १४.९ चा टायर १४.१ च्या आसपासच राहतो. म्हणजे पैसे मोजले १४.९ चे आणि १३.६ च्या पुढे मजल गेली जेमतेम अर्धा इंच. १२ च्या रिमवर १६.९ चा टायर १५.७ च्या जवळपास येतो. आणि ही झाली फुगलेल्या पोटाची रुंदी. जमिनीला टेकणारी रुंदी त्याहून कमी, कारण पाठ गोल झालेली असते.

याची परीक्षा फुकटची आहे. ओल्या बांधावरून ट्रॅक्टर सरळ दहा पावले न्यावा आणि मागे उमटलेला ठसा पाहावा. दातांचा ठसा दोन्ही कडांपर्यंत सारखा खोल असेल तर ठीक. मध्ये खोल आणि कडेला नुसती खूण असेल तर दोनपैकी एक गोष्ट आहे, एक तर हवा जास्त आहे किंवा रिम अरुंद आहे. आधी हवा मापाने करून पाहावी. तरीही ठसा तसाच आला तर दोष रिमचा.

आता मुख्य मुद्दा. रुंद टायरने रान दबत नाही असे म्हणतात ते का? टायर जमिनीवर जो दाब टाकतो तो त्याच्यातल्या हवेच्या दाबाच्या आसपास असतो, किंचित जास्तच. रुंद टायर तेच वजन कमी हवेवर पेलू शकतो, म्हणून तो रान वाचवू शकतो. म्हणजे फायदा मिळतो तो हवा कमी केल्यावर. १६.९ चा टायर घालून त्यात ३० पौंड हवा ठासली तर जमिनीला ३० पौंडांचाच मार बसणार, टायरवर काहीही लिहिलेले असो. फडात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची हवा आम्ही मोजतो, तेव्हा मागच्या चाकात २५-३० पौंड सापडणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शेतकामासाठी ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत बहुधा १२ ते १४ पौंड सांगितलेले असतात.

आणि येथेच रिमची गाठ पडते. टायर अरुंद रिमवर असेल तर हवा कमी करताच येत नाही. कमी केली की फुगलेले पोट डावी-उजवीकडे लोळू लागते, ड्रायव्हरला गाडी हेलकावे खाते असे वाटते, आणि तो बिचारा पुन्हा हवा ठासून भरतो. त्याचा दोष नाही; त्याला ट्रॉली सांभाळायची आहे. पण ज्या कारणासाठी रुंद टायर घेतला, तेच कारण अरुंद रिमने मारून टाकले. रान दबायचे ते दबलेच.

दुसरीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे कोणाची फसगत व्हायला नको. हवा कमी केल्याने वरचा वीतभर थर वाचतो. खाली, नांगराच्या तळाखाली जो दाब जातो तो एकूण वजनाचा, एका आसावर किती भार आहे त्याचा. भरलेल्या ट्रॉलीचा भार कोणताही टायर नाहीसा करू शकत नाही. चाकात तीन-चतुर्थांश पाणी भरून ठेवलेले असेल तर त्याचाही भार त्यात आला. तेव्हा योग्य रिमवर योग्य टायर आणि मापाची हवा एवढे केले म्हणजे ओल्या रानात खुशाल घुसावे, असे आम्ही म्हणत नाही. वाफसा नसेल तर फडात चाक घालू नये, हे आमच्या आज्यापणज्यांना ठाऊक होते. तेव्हा टायर नव्हते, तरीही ठाऊक होते.

दबलेल्या रानाची किंमत कोण भरतो? वाहतूकदार खेप करून जातो. कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडतो, काट्यावर वजन होते, बिल निघते. मागे राहतो तो खोडवा, आणि तो सभासदाचा. लागणीच्या उसात नांगरट, ढेकळे फोडणे, सऱ्या हे सगळे नव्याने होते. एखाद्या वर्षीचा दाब पुढच्या मशागतीत थोडाफार निघून जातो. खोडव्यात तसे नाही. खोडव्याचे रान आपण उलथीत नाही. चाकाखाली बुडखा चेंगरला, वरची माती घट्ट झाली, तर त्या बुडख्याचे कोंब एक तर मरतात किंवा उशिरा, बारीक येतात. पाणी दिले की चाकोरीत साचून राहते, बाजूचे रान कोरडे. पहारीने भोक घेऊन खत द्यायची पद्धत आपण सभासदांना सांगतो. चाकोरीच्या कडेला ती पहार चार बोटे जाते आणि टण्णकन थांबते. पाच पावलांवर, चाक न गेलेल्या सरीत, तीच पहार तेवढ्याच जोरात वीतभर जाते. सभासदांनी वाफसा असताना स्वतः हे करून पाहावे. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही.

एका सभासदाने आमच्यासमोरच ही परीक्षा घेतली. मग बांधावर बसून म्हणाले, "आबा म्हणायचे, गाडी एका वाटेनं न्या. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याला उगीच शिस्तीची हौस." आबांचे बरोबर होते. चाकाचा बहुतेक दाब पहिल्याच फेरीत बसतो. त्याच चाकोरीतून दहा वेळा गेले तर नुकसान थोडेसे वाढते, पण दहा वेगवेगळ्या वाटांनी गेले तर सगळे रान खराब होते. फड तुटायला लागला की ट्रॉली कोठून शिरेल आणि कोठून निघेल ते मुकादमाला आणि ड्रायव्हरला आधीच दाखवून द्यावे. टोळीला मोळ्या थोड्या लांबून आणाव्या लागतात, कुरकुर होते, होऊ द्यावी. त्यांच्या डोक्यावर ओझे असते हे खरे, तेव्हा वाट फडाच्या मधोमध आखावी, म्हणजे दोन्ही बाजूंना अंतर सारखे पडते.

चाक आणि सरी यांचेही नाते आहे. १६.९ चा टायर म्हणजे सव्वाचौदा नव्हे, जवळजवळ सतरा इंचांची रुंदी. पाच फुटी सरीत, मागच्या दोन चाकांचे मध्य ते मध्य अंतर पाच फुटांवर लावले तर एक ओळ पोटाखाली घेऊन हे चाक सरीच्या तळातून जाऊ शकते. तीन-साडेतीन फुटी जुन्या लागणीत कोणतेच मोठे चाक बसत नाही. तेथे रुंदी वाढवली की बुडखे जास्त चेंगरतात, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या ऊस पट्ट्यात ओळी दीड मीटरवर होत्या आणि तोडणी यंत्रांची चाके १.८ मीटरच्या आसपास. चाक सारखे ओळीच्या कुशीतून जायचे. तेथील पुष्कळ शेतकऱ्यांनी शेवटी यंत्राच्या मापाने ओळीच रुंद केल्या. आपल्याकडे तोडणी यंत्रे वाढत आहेत. पुढच्या लागणीची सरी पाडताना या गोष्टीचा विचार आताच केलेला बरा.

आता ट्रॅक्टर मालकांसाठी थोडे. टायर मोठा घेतला की तो नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. १३.६-२८ चा व्यास सुमारे १३१० मिलिमीटर, १४.९ चा १३६५ आणि १६.९ चा १४३५. म्हणजे १३.६ वरून १६.९ वर गेलात तर त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर साडेनऊ टक्के जास्त पळतो आणि तेवढीच ओढ कमी होते. ब्रेकची पकडही त्याच हिशेबाने घटते. पळण्याचे कौतुक वाटते, पण चढावर भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढताना क्लच प्लेट का जळते हे मग कळत नाही. चारही चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरचे तर आणखी वाईट. तेथे पुढच्या आणि मागच्या चाकांचे प्रमाण कंपनीने गिअरमध्ये बांधून दिलेले असते, पुढची चाके किंचित पुढे ओढत राहतील अशा बेताने. मागचे टायरच मोठे केले की ते प्रमाण बिघडते, पुढचे टायर घासून जातात आणि पुढच्या आसाच्या गिअरवर कायमचा ताण बसतो.

टायर आणि रिमचा जोड चुकला की टायर रिमवर सरकूही लागतो. ओढ जास्त, हवा कमी, पकड अपुरी, अशा वेळी रिम फिरतो आणि टायर मागे राहतो. ट्यूब टायरबरोबर सरकते, व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला. तो तुटतो. मग ट्यूब गेली आणि भरलेली ट्रॉली फडातच बसली. अशा एका खोळंब्यात ऊस दीड दिवस उन्हात वाळताना आम्ही पाहिला आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला पाहिजे हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो. वाळलेल्या उसाचे वजन काट्यावर कमी भरते, आणि तो तोटा व्हॉल्वच्या नावावर कोणी लिहीत नाही.

पुढच्या चाकांचेही तेच. ६.००-१६ चा टायर साडेचार इंची रिमवर असतो, ७.५०-१६ ला साडेपाच इंची लागतो. एकावर दुसरा चढतो म्हणून चढवू नये. स्टिअरिंग त्याच चाकांवर आहे.

आणि एक गोष्ट आम्ही कळकळीने सांगतो. रिम अरुंद पडतो म्हणून तो मधून कापून त्यात पट्टी वेल्डिंग करून रुंद करण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो. तो करू नये. असा रिम गोल राहत नाही आणि भाराखाली वेल्डिंगपाशी फाटतो. त्याहून भयंकर म्हणजे टायर चढलेला असताना रिमला वेल्डिंग करणे. आतली हवा तापते, रबरातून पेट घेणारा वायू सुटतो, आणि टायर बाँबसारखा फुटतो. हवा काढलेली असली तरीही हे होऊ शकते. रिमला चीर गेली असेल तर टायर पूर्ण उतरवल्याशिवाय वेल्डरला हात लावू देऊ नका. खरे म्हणजे रिमच नवा घ्या.

आमच्या वयाच्या सभासदांना कदाचित आठवत नसेल, पण त्यांच्या वडिलांना लाकडी चाकाची गाडी नक्की आठवत असेल. चाकाला लोखंडी धाव बसवायची म्हणजे लोहार आधी चाकाचा घेर मोजायचा, धाव तापवून लाल करायचा, चाकावर चढवायचा आणि पाणी ओतायचा. धाव आवळून बसायची. एक बोटभर माप चुकले तर सैल धाव माळावर निसटायची, किंवा घट्ट धावेने आरे मोडायचे. मोजल्याशिवाय लोहार भट्टी पेटवीत नसे. पुढे १९३२ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये अॅलिस-चाल्मर्स कंपनीने ट्रॅक्टरची लोखंडी चाके काढून रबरी हवेचे टायर लावून पाहिले. विमानाचे टायर होते ते. तेव्हापासून शेतातले चाक मऊ झाले, पण मापाची गरज काही संपली नाही.

बैलगाडीवाल्यांना यातून सूट नाही. आपल्याकडे अजूनही टायरगाड्या येतात, आणि फडातून ऊस काढायला बैलगाडीइतके हलके साधन दुसरे नाही. गाडीच्या टायरवर एडीव्ही अशी अक्षरे असतात. जनावराने ओढायच्या वाहनाचा टायर, असा त्यांचा अर्थ. पण एका बाजूला तो आणि दुसऱ्या बाजूला ट्रकचा टाकाऊ टायर, अशा गाड्या अड्ड्यात उभ्या दिसतात. उंची सारखी नसली की गाडी एका अंगाला ओढते आणि जू एका बैलाच्या मानेवर बसते. त्या मानेचा आवाळू महिनाभराने दिसतो. बैलांना तक्रार करता येत नाही म्हणून आम्ही करतो. उलट बाजूने, ट्रॅक्टरमागे छोट्या गाड्या जोडून ओढतात, ज्यांना लोक अंगद म्हणतात, त्यांनाही पुष्कळदा हेच एडीव्ही टायर असतात. हे टायर बैलाच्या चालीसाठी केलेले. ट्रॅक्टरच्या वेगाने, भरल्या भाराने, रात्रीच्या सडकेवर ते पळवणे म्हणजे मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव टांगणीला लावणे आहे.

वाहतूकदारांची बाजू आम्हाला दिसत नाही असे कोणी समजू नये. शेतात १४ पौंड हवा ठेवा आणि सडकेवर वीस किलोमीटर भरलेल्या ट्रॉल्या ओढा, असे एकाच चाकाला सांगणे अन्यायाचे आहे. सडकेवर कमी हवेने टायर तापतो आणि बाजूने फुटतो. ही अडचण खरी आहे, आणि टायर बदलून ती सुटणार नाही. ती सुटेल ती कामाची वाटणी करून. फडातून बांधापर्यंत ट्रॉली काढायला एक ट्रॅक्टर, कमी हवेचा. सडकेवर दुसरा, पुस्तिकेत वाहतुकीसाठी सांगितलेल्या हवेचा. एका गावातल्या चार वाहतूकदारांनी मिळून एक ट्रॅक्टर फडाच्या कामाला ठेवला तर हे अशक्य नाही. पाऊस झाल्यावर दोन ट्रॅक्टर जोडून ट्रॉली ओढून काढतातच ना? मग तेच आधी, शहाणपणाने का करू नये?

खर्चाचा मुद्दा उरतो. "सायेब, टायरलाच पैसं पुरंना, रिमला कुठनं आणू?" याला आमचे उत्तर असे की, मग टायर मोठा घेऊच नका. आहे त्या रिमला कंपनीने सांगितलेला टायर, चांगल्या दाताचा, मापाच्या हवेचा, हा अरुंद रिमवरच्या मोठ्या टायरपेक्षा रानाला मऊ आणि खिशाला हलका. मोठेच हवे असेल तर टायर आणि रिम जोडीनेच घ्यावेत, आणि ट्यूबही त्याच मापाची.

आमची सूचना अशी आहे. तोडणी-वाहतूक करारनाम्यात ट्रॉलीची लांबी, ब्रेक, मागचे दिवे यांची नोंद होते, त्यातच मागच्या-पुढच्या टायरचे माप आणि रिमचे माप असे दोन रकाने वाढवावेत. जोड तक्त्यात न बसणाऱ्या ट्रॅक्टरला फडात न पाठवता सडकेवरच्या भरणीला लावावे. प्रत्येक गट ऑफिसात हवेचे एक चांगले गेज असावे आणि ते चिटबॉयकडे असावे, म्हणजे फडात शिरण्यापूर्वी हवा पाहता येईल. पाऊस पडल्यानंतर वाफसा आला की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या रानाच्या सभासदाला असावा; त्याच्या नकारामुळे तोडीचा क्रम मागे जाणार नाही, एवढी हमी शेतकी खात्याने द्यावी. शेवटच्या मुद्द्यावर मतभेद होतील याची आम्हाला कल्पना आहे. कारखान्याला रोजचे गाळप राखायचे असते आणि सगळेच सभासद एकदम नाही म्हणाले तर गव्हाण रिकामी पडेल. तरीही रान ज्याचे, त्याचा शब्द आधी, असेच आम्हाला वाटते.

यावर सभासदांनी आपले मत लेखी कळवावे, गट ऑफिसात दिले तरी चालेल. ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे त्यांनी त्यासोबत आपल्या मागच्या चाकाच्या टायरचे आणि रिमचे माप लिहून द्यावे. रिमचा शिक्का सापडत नसेल तर तसेही लिहावे. आमचा माणूस येताना तारेचा ब्रश घेऊन येईल.